वाऱ्यावर सोडलेली रेघ

मालतीताईंच्या उजव्या हाताला कंप सुटला आणि त्यांनी चित्रं काढणं बंद केलं. आयुष्यभर त्यांनी बारीक निबाने कर्जतच्या आसपासचे डोंगर, पूल, देवळं रेखाटली होती. लोक नाव न बघता त्यांची रेघ ओळखत. आता साधी आडवी रेघसुद्धा धडपडत जाई.

त्यांचे यजमान गोपाळकृष्ण भिवपुरीच्या वीजघरातून निवृत्त झालेले इंजिनियर. त्यांनी खपून मनगट बसेल असा लाकडी ठोकळा केला, आतून मऊ फडकं लावलं.

"यात हात ठेव. हलायचाच नाही."

मनगट अडकलं, पण बोटं थरथरतच राहिली. शाईची बाटली कलंडली. मालतीताईंनी ठोकळा बाजूला सारला.

"अहो, हात बांधून नाही काढायचं मला."

गोपाळकृष्णांनी ठोकळा उचलून नेला. त्यांच्या मनाला लागलं होतं.

पुढे एका दुपारी मालतीताईंनी शाईकामाचे जुने ब्रश धुऊन मागच्या अंगणात एकेका लांब दोरीने टांगले. एकातली शाई पुरती गेली नव्हती. वाऱ्याने तो झुलत होता आणि खालच्या फरशीवर रेघा ओढत होता. त्यांनी खाली कागद सरकवला, ब्रशची दोरी चिमटीत धरली. वारा आणि त्यांचा कंप, दोन्ही दोरीतून खाली उतरले. रेघ अडखळली, बारीक झाली, मग एकदम जाड होऊन वळली. अशी रेघ त्यांना ठरवून कधीच जमली नसती.

"अहो, इकडे या जरा. हात हलला की ब्रशही हलेल असं काही करता येईल?"

गोपाळकृष्णांनी बांबूची चौकट उभी केली, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी ब्रश टांगले आणि हातात धरायला प्रत्येकाला दोरी बांधली. पहिले बरेच कागद नुसते काळे झाले.

"वारा फार होता आज," ते म्हणाले.

"वाऱ्याचं काही चुकलं नाही. मीच थांबले नाही वेळेवर."

त्यानंतर त्या दोरी कधी उचलायची याकडे लक्ष देऊ लागल्या.

शेजारच्या सोनाबाई वालाच्या शेंगा द्यायला आल्या, तेव्हा एक कागद वाळत होता.

"ताई, ह्ये काय काढलंय?"

"मलाही अजून कळलेलं नाही."

"मंग हितं येवढं कोरं का ठेवलंय?"

"तिथं थांबावंसं वाटलं."

सोनाबाईंनी कागदावर वाकून पाहिलं. "बरं दिसतंय गं. ऱ्हाऊ दे तसंच."

त्या गेल्यावर मालतीताईंनी कोपऱ्यात सही केली. ती वाकडी आली. त्यांनी ती तशीच ठेवली आणि गोपाळकृष्णांना नवा कागद लावायला सांगितला.