खडकावर ठेवलेली सॅक

मित्रांनो, मी एक जुनी सॅक आहे. अहमदपुरात एका पत्र्याच्या खोलीत, दाराआड खिळ्याला लटकून असते. माझ्या शिवणींवर पांढरं दिसतं ना, ती बुरशी नव्हे बरं का, मीठ आहे. समुद्राचं! आमच्या मुलखातल्या सॅकला समुद्राचं मीठ कुठून लागलं, असं तुम्ही विचाराल. सांगते. पण ऐकून बरं वाटेल अशी आशा धरू नका.

माझा जन्म उदगीरचा. नागप्पा शिंप्यानं मला ट्रकवर टाकायच्या ताडपत्रीतून शिवलं. तो एरवी ट्रॅक्टरची कव्हरं शिवायचा. पाठीवरची सॅक त्याच्या हातून पहिल्यांदाच होत होती. दोन सुया मोडल्या, तीनदा चहा झाला, तेव्हा कुठं मी उभी राहिले. मला उलटीपालटी करून बघत तो म्हणाला, "धा वर्सं काय होत न्हाई हिला. फकस्त शिवणीवर मेण घासत जावा, न्हाईतर सुईच्या भोकातून पाणी आत जातंय." कुणी मनावर घेतलं नाही. खरं सांगायचं तर मीही नाही. आमच्याकडं नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं, ते माझ्या पोटात कशाला शिरायला येतंय!

मला शिवून घेतलं ते लुंबिनीनं. ती आणि तिची मैत्रीण अंजू नांदेडच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होत्या. एका खोलीत राहायच्या, एका ताटात जेवायच्या. सरकारी नर्सची परीक्षाही दोघींनी बरोबरच दिली. वयाच्या अटीमुळे दोघींची ती शेवटची संधी होती. निकाल लागला. निवड यादीत लुंबिनीचं नाव अगदी शेवटी, आणि प्रतीक्षा यादीत अंजूचं नाव पहिलं. तरी अंजू अशी नाचली की बघणाऱ्याला वाटावं हिलाच नोकरी लागली. "आता तुला सुट्टी कुठली मिळती? चल, अंदमानला जाऊ," हा हट्ट तिचाच.

मग काय विचारता! रेल्वेनं चेन्नई, तिथून तीन दिवस जहाज, आणि पुढं या बेटावरून त्या बेटावर. थोडं अंतर मी हिच्या पाठीवर, थोडं तिच्या. बाहेरच्या खिशात शेंगदाण्याची चटणी, वर वाळत टाकलेले ओढणीचे पदर. बोटीवर दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून झोपायच्या आणि मी त्यांच्या पायांखाली. माझ्याएवढी सुखी सॅक साऱ्या मराठवाड्यात नव्हती.

माझ्या तळाशी लुंबिनीची फाइल होती. सगळी मूळ कागदपत्रं! नांदेडची खोली सोडलेली, अहमदपूरच्या घराचा पत्रा गळका, आणि परतल्यावर तिसऱ्याच दिवशी लातूरला कागदांची तपासणी. म्हणून तिनं फाइल जवळच बाळगली. लॅमिनेशनही केलं नव्हतं, कारण तसले कागद साहेब लोक घेत नाहीत असं तिला कुणीतरी बजावलं होतं.

नील बेटावर एका सकाळी समुद्र लांब मागं सरकलेला होता. ओले खडक उघडे पडले होते, डबक्यांत मासे अडकले होते. "अंजू, सॅक धर गं, मी पुढं बघून येते," म्हणत लुंबिनी निघाली. अंजूनं मला एका सपाट खडकावर ठेवलं. काठावरून एक नारळवाला ओरडला, "दीदी, सामान उठाओ! पानी वापस आएगा!" अंजू हसली. "गेलेलं पाणी कुठं वापस येतंय, भाऊ? आमच्या तळ्याचं तर कधी आलं न्हाई," असं म्हणाली आणि मैत्रिणीच्या मागं पळाली. तिच्या मनात पाप नव्हतं, मित्रांनो. हे मी छातीवर हात ठेवून सांगेन.

पाणी आलं. आधी खडकाभोवती, मग खडकावर. मी तरंगले, मग शिवणीशिवणीतून पाणी शिरलं आणि मी जड होत गेले. नारळवाल्यानंच मला ओढून काढलं. धापा टाकत आलेल्या लुंबिनीला तो म्हणाला, "मैंने उस दीदी को बोला था." अंजू अजून खडकांवरून धडपडत येत होती; तिला ते ऐकू गेलं नाही.

लातूरला टेबलामागच्या बाईंनी कागद उजेडाकडं धरला. "सही कुठंय? शिक्का कुठंय? हे वाचू तरी कसं?"

"मॅडम, दुसरी प्रत काढून आणते. थोडी मुदत द्या."

"यादी आज बंद होणार, बाई."

लुंबिनीचं नाव गेलं. जागा कुणाला मिळाली, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. गावातली तोंडं सुटली: मैत्रिणीनंच मुद्दाम बुडवलं. लुंबिनी सगळ्यांवर तुटून पडायची. "ती तसली न्हाई. चूक हाय, पाप न्हाई."

अंजूला मुदखेडला नेमणूक मिळाली. जायच्या आदल्या दिवशी ती भेटायला येणार, म्हणून लुंबिनीनं मला तीनदा धुतलं (शिवणींतलं मीठ तेवढं गेलं नाही), उन्हात वाळवलं, तुटलेला बंद शिवला. मला ती अंजूला देणार होती.

अंजू आली ती रडतच. "मी न्हाई घेत असली नोकरी."

"येडी हायस का? तुझंबी वय सरलंय. गुमान जा," लुंबिनी म्हणाली. चहा दिला. मग हळूच विचारलं, "अंजे, एक सांग. पाणी परत येतंय म्हणून तुला कुणी सांगितलं होतं का गं?"

अंजूचा चेहरा उतरला. घाबरली बिचारी. मी मनातल्या मनात ओरडत होते, हो म्हण, बाई, हो म्हण!

"न्हाई गं. आईशप्पथ, कुणीच न्हाई."

"बरं," लुंबिनी म्हणाली.

मित्रांनो, कुणाची वस्तू सांभाळायला घेतलीत तर नजरेआड करू नका. आणि झालीच, तर विचारणाऱ्याला खरं सांगा. भिजलेल्या कागदांचं दुःख लुंबिनीनं गिळलं होतं. अंजूला तिनं दारापर्यंत पोचवलं, "पोचलीस की फोन कर," म्हणाली. मग आत आली, खाटेवर तयार ठेवलेल्या मला उचललं आणि या खिळ्याला अडकवलं. फोन येतो, वाजून वाजून थांबतो.