माझ्या नावानं दिलेला शब्द

मी दुरियान बोलतोय. पहांगच्या जंगलाच्या कडेला सेनिककाकांच्या आजोबांनी मला लावलं. फळ माझं फणसापेक्षा काटेरी. वास असा, की कुणी नाक धरतं, कुणी पळत येतं. मला दोन्ही चालतात.

मागं तीन वर्षं मी फळ धरलं नाही. गावाची रीत अशी, की अशा झाडाला धाक घालायचा. एकानं कुऱ्हाड घेऊन विचारायचं, "फळ देतोस, का तोडू?" माझ्या सरळसोट बुंध्यावर चढणं कठीण, म्हणून दुसऱ्यानं शेजारच्या मँगोस्टीनच्या झाडावर बसून माझ्या वतीनं म्हणायचं, "देतो बाबा, तोडू नको." तिथून आला तो झाडाचा शब्द. तो कुणी मोडायचा नाही.

आता मी स्वतः "देतो" असं कधी म्हटलंच नव्हतं. पण मला विचारतो कोण?

त्या दिवशी कुऱ्हाड शेजारच्या बागवाल्या दोलाच्या हाती होती. या दोलानंच आपली रामबुतानची फळं वाचवायला बागेला जाळी लावली होती. तीत वटवाघळं अडकून मरत. माझी फुलं उमलतात अंधार पडल्यावर, आणि एका फुलाचे पराग दुसऱ्याला पोचवतात ती वटवाघळंच. ती गेली, तर फळ धरणार कुठून?

सेनिककाका सत्तरीचे; झाडांच्या वतीनं 'देतो' म्हणायला नेहमी तेच असत. धापा टाकत मँगोस्टीनवर चढले.

"पडलात तर मी उचलणार नाही हं," खालून त्यांची बायको योंगकाकू म्हणाली.

दोलानं माझ्या बुंध्यावर तीन घाव घातले. "फळ देतोस, का तोडू?"

वर काकांनी खोडाला पाठ टेकली.

"काका, झोपलात का? म्हणा ना देतो म्हणून."

"नाही देत."

जमलेल्या बायका हसल्या. दोला हसला नाही. "काका, मस्करी पुरे. मग मला खरंच तोडावं लागेल."

"काका कोण? झाड बोलतंय. माझी वटवाघळं मारतोस, नि वर फळ मागतोस? आधी जाळी काढ. नाहीतर घाल घाव."

हे मात्र अगदी माझ्या मनातलं. दोलानं कुऱ्हाड उचलली. मी पानसुद्धा हलवलं नाही.

"हे झाड कुठलं, हा म्हातारा बोलतोय," तो कुरकुरला.

"असं होय?" योंगकाकू म्हणाली. "इतकी वर्षं 'देतो' म्हणत होता, तेव्हा झाड बोलत होतं. आज 'नाही' म्हटलं, तर म्हातारा?"

कुऱ्हाड खाली आली ती जमिनीवर. दुपारपर्यंत जाळी निघाली.

यंदा फांदीफांदीला फळ आहे. ते धाकानं धरलेलं नाही, एवढं ध्यानात असू द्या. पिकलं की माझ्या वेळेनं सोडीन. तोवर खाली उभं राहून घाई करू नका. एकेक फळ नारळाहून जड, काटे चहूबाजूंनी, आणि खाली कोण आहे ते बघून सोडायची मला सवय नाही.