मंजूरवरची चांदणी

सोनपिंपळ पतसंस्थेचं पाकीट आलं की शिरड शहापुरात आधी हसू यायचं आणि मग चूल पेटायची. गुळगुळीत कागद, वर हसणारं शहरी जोडपं आणि खाली ठळक अक्षरात अभिनंदन. कशाबद्दल ते विचारू नका. सत्तरी ओलांडलेल्या चंद्रभागाबाईला पत्र आलं, ‘आपल्या स्वप्नातील विवाहासाठी आमच्याकडे या.’ ज्याला स्वतःची वीतभर जमीन नाही त्या खेमाला ट्रॅक्टरचं. आणि दोन वर्षांमागं वारलेल्या ग्यानबाला ‘दीर्घायुष्य ठेव योजने’चं, तेसुद्धा दर तीन महिन्यांनी, न चुकता. ग्यानबाची सून ते पाकीट न फोडता तसंच फळीवर ठेवायची. सासऱ्याच्या नावचं आहे, त्यांनीच फोडावं, असं म्हणायची.

बरं, जाळायला तरी तो कागद धड असावा. तो चटकन पेटायचा नाही, धूर करायचा, आणि भाकरीला रंगाचा वास लागायचा. सभासद सगळे शेतकरी, मेंढ्या-शेळ्यावाले. त्यांच्याच संस्थेनं त्यांना काय लिहिलंय हे त्यांना कळत नव्हतं, आणि ज्यांनी लिहिलं त्यांना हे सभासद कोण हे ठाऊक नव्हतं.

निर्मलाबाई मात्र प्रत्येक पाकीट फोडायची. सातवी शिकलेली बाई, छापलेलं काही दिसलं की वाचल्याशिवाय सोडायची नाही. पुडीचा कागदसुद्धा सरळ करून वाचायची. तिच्याकडे दोन एकर रान आणि बारा शेळ्या. शेळ्यांचा गोठा म्हणजे खांबाला बाभळीच्या मेढी, भिंतीला पऱ्हाटीचा कूड आणि वर तुराट्यांचं छप्पर. मागच्या दिवाळीला तिनं संस्थेच्या शाखेत जाऊन पत्र्याच्या शेडची चौकशी केली होती. बघू म्हणाले होते. म्हणून चैत्रात जेव्हा तिच्या नावाचं पाकीट आलं आणि आत शेळीचं चित्र दिसलं, तेव्हा तिनं ते उभ्या उभ्याच वाचायला घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बरोबर माणसाला बरोबर कागद आला होता.

‘अभिनंदन, निर्मलाबाई! आपले शेळीपालन शेड कर्ज मंजूर. आपण फक्त जागा तयार ठेवा. बाकी आमच्यावर सोडा.’

तिनं ते नवऱ्याला, मुंजाजीला, दोनदा वाचून दाखवलं. मुंजाजी सावध गडी.

“आधी शाखेत जाऊन इचारून ये,” तो म्हणाला.

“मंजूर लिवलंय न्हवं? मंजूरच्या म्होरं काय इचारायचं?”

“तरी बी.”

“तुमाला कशावरच भरोसा न्हाई. जागा तयार ठेवा म्हणून राहिलेत. जुना गोठा उभा ठेवला तर जागा तयार हाय म्हणतील का ते?”

आणि दोघांनी मिळून वैशाखात गोठा पाडला. मेढी बुडातून वाळवीनं खाल्लेल्या होत्या, त्या सरपणाला गेल्या. तुराट्या चुलीत गेल्या. जमीन चोपून निर्मलाबाईनं तिथं सडा टाकला आणि पाव्हण्याची वाट पाहावी तशी ती मंजूरची वाट पाहत बसली. पंधरा दिवस कोणी फिरकलं नाही, तेव्हा पत्र पदरात बांधून ती शाखेत गेली.

मॅनेजर बालाजी तरुण, नीटनेटका, तोंडानं गोड. त्यानं पत्र पाहिलं आणि हसला.

“मावशी, हे शेळ्यावाल्या सगळ्याच सभासदांना गेलंय. ही जाहिरात आहे.”

“मंजूर लिवलंय.”

त्यानं पेनाचं टोक मंजूर या शब्दाच्या डोक्यावर टेकवलं. “ही बारीक चांदणी दिसते का? चांदणी असली की खाली बघायचं असतं.”

निर्मलाबाईनं खाली बघितलं. पानाच्या पार तळाशी राजगिऱ्याच्या दाण्याएवढ्या अक्षरांची एक ओळ होती. तिनं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, खिडकीकडे वळवला.

“वाचता येत नाही का, मावशी?” बालाजी म्हणाला. “घरात कुणाला तरी दाखवायचं मग.” आणि त्यानंच वाचून दाखवलं : अटी लागू, सदर पत्र केवळ माहितीसाठी असून ही प्रत्यक्ष मंजुरी नव्हे.

रांगेतली तीन-चार माणसं हसली. निर्मलाबाईला वाटलं, भुई दुभंगावी. फसल्याचं दुःख होतंच, पण वाचता येत नाही का, हे तिच्या काळजात रुतलं. आख्ख्या गल्लीचे कागद वाचून देणारी बाई ती. तिला चार लोकांत अडाणी ठरवलं, तेही असल्या अक्षरांवरून जी मुंगीनंसुद्धा चष्मा लावून वाचावीत.

पावसाळा गेला तो कसा गेला ते तिचं तिला माहीत. बारा शेळ्या पुढच्या खोलीत, नवरा-बायको चुलीपाशी. घरात लेंड्यांचा वास, अंथरुणात पिसवा. रात्रभर ओल. आषाढात दोन करडं गारठून मेली. दुसऱ्या करडाला पुरून आल्यावर मुंजाजीनं आपली घोंगडी उरलेल्या करडांवर टाकली. तिनं ते पत्र जाळलं नाही. कोनाड्यात ठेवलं.

भाद्रपदात पुन्हा पाकीट आलं. तेच जोडपं, तसलाच गुळगुळीत कागद. सोनेतारण योजना आणि दुचाकी योजना यांच्या मधोमध एक पान घडी घालून ठेवलेलं होतं : वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना. निर्मलाबाईनं ते उंबऱ्यात बसून शेवटपर्यंत वाचलं. विषय क्रमांक सहा : सभासदांना पाठवायच्या माहितीपत्रकांसाठी पुढील वर्षी दुप्पट तरतूद करण्यास मंजुरी देणे. आणि अगदी खाली, बारीक अक्षरात : ज्या सभासदांना प्रश्न विचारायचा असेल त्यांनी आठ दिवस आधी लेखी द्यावा.

तिनं विषय सहावरचा प्रश्न लेखी दिला. मग ती घरोघर फिरली. “जाळू नका,” म्हणाली, “मला द्या.” चंद्रभागाबाईनं विवाहाचं पत्र दिलं.

“नवरदेव मिळाला का गं?” तिनं विचारलं.

“आत्या, औंढ्याला सभेला चला, तिथंच इचारू.”

ग्यानबाच्या सुनेनं फळीवरची न फोडलेली सगळी पाकिटं दिली. युरियाची एक गोणी निम्मी भरली.

सभा औंढ्याच्या एका मंगल कार्यालयात होती. पतसंस्थेची सभा कशी असते हे ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको. दारात सही, हातात बुंदी-चिवड्याचा पुडा, अध्यक्ष विषय वाचणार, समोरून मंजूर, की पुढचा विषय. वीस मिनिटांत सहकार संपतो आणि जेवणाच्या पंगती बसतात. आमच्याकडे बसायला खुर्ची मिळाली की माणूस मंजूर म्हणतोच, ते त्याच्या अंगवळणी पडलेलं आहे.

दारातच बालाजीनं निर्मलाबाईला बाजूला घेतलं. मुंजाजी सोबत होताच. बालाजीच्या हातात एक फॉर्म होता, नाव-गाव सगळं आधीच भरलेलं.

“मावशी, तुमचा शेडचा अर्ज. आज सही करा, सोमवारी मंजूर. खरंखुरं.” त्यानं आवाज खाली आणला. “फक्त तो प्रश्न तेवढा राहू द्या. अध्यक्षांना तकलीफ होते.”

निर्मलाबाईनं फॉर्म वर-खाली, मागं-पुढं पाहिला. चांदणी कुठंच नव्हती. मागची बाजू तर कोरीच होती. तिला पुढच्या खोलीतला वास आठवला. थंडी तोंडावर आली होती आणि तीन शेळ्या गाभण होत्या.

“कर सही,” मुंजाजी हळूच म्हणाला. “करडं मरायलीत, निर्मला. लोकायचं लोक बघतील.”

तो चूक बोलत नव्हता, म्हणून तिला जास्त जड गेलं. तिनं बालाजीकडून पेन मागून घेतला. “बसून करते,” म्हणाली, आणि फॉर्म घेऊन बायकांच्या रांगेत जाऊन बसली.

अध्यक्ष हनुमानराव माइकवर आले. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, मंजूर. लेखापरीक्षकांची नेमणूक, मंजूर. स्टेजच्या कडेला राजनंदिनी नावाची क्लार्क ठरावाच्या रजिस्टरात भराभर लिहीत होती, विषय वाचायच्या आधीच तिचं ‘सर्वानुमते’ लिहून तयार होतं. निर्मलाबाई फॉर्म मांडीवर पालथा घालून त्याच्या कोऱ्या बाजूला काहीतरी लिहीत होती. खाली मान, ओठ आवळलेले. मुंजाजीला वाटलं, सही इतकी लांब नसते.

“विषय क्रमांक सहा,” हनुमानराव म्हणाले. “सभासदांच्या माहितीपत्रकांसाठी दुप्पट तरतूद. मंजूर?”

“मंजूर,” सगळ्यांच्या आधी निर्मलाबाईच ओरडली. पाठोपाठ सभागृह मंजूर म्हणालं. बालाजीनं सुटकेचा श्वास सोडला.

निर्मलाबाई उभी राहिली. “साहेब, मंजूर हाय, पर वर चांदणी हाय.”

“काय आहे?”

“चांदणी. चांदणी असली की खाली बघायचं असतं. म्यानेजरसायबांनीच शिकवलं मला.” ती चालत स्टेजपाशी गेली आणि तिनं फॉर्म पालथ्या बाजूनं अध्यक्षांच्या हातात दिला. “वाचा माइकवर.”

हनुमानरावांनी कागद जवळ धरला, मग लांब. चष्मा वर केला, खाली केला. पेनाच्या टोकानं, जीव खाऊन लिहिलेली ती अक्षरं राजगिऱ्याएवढीच होती. त्यांनी कागद बालाजीकडे दिला. बालाजीनं तो उजेडाकडे वळवला.

“वाचता येत न्हाई का, साहेब?” निर्मलाबाई म्हणाली. “घरात कुणाला तरी दाखवायचं.”

कोणीतरी फिसकन हसलं. मग मागून पुढं हसू पसरत आलं. निर्मलाबाई हसली नाही. तिनं माइक आपल्याकडे वळवला.

“मीच सांगते. खाली लिवलंय, हे मंजूर फक्त माहितीसाठी हाय, खरी मंजुरी न्हाई. तुमी मला असंच मंजूर दिलं. म्या गोठा पाडला. माही दोन करडं गेली. तुमी म्हणाल, बाईनं नीट वाचलं न्हाई. व्हय, न्हाई वाचलं. आपल्या माणसाचं पत्र कोन भिंग लावून वाचतं?” तिनं गोणी उलटी केली. पाकिटांचा ढीग स्टेजपुढं पडला. “ह्या आत्याला लग्नाचं पत्र काहून पाठवलं? ग्यानबामामा दोन साल झाले गेले, त्यायला दीर्घायुष्य काहून? आमी सभासद हाव. आमाला वळखत न्हाई तर पत्र लिहू नका. आन मंजूर लिहायचं तर मंजूर झाल्यावर लिहा.”

“ताई, वेळ कमी आहे,” हनुमानराव म्हणाले. “सभागृहानं विषय मंजूर केलेला आहे.”

“चांदणीचं मंजूर चालतं व्हय? मंग माह्या शेडचं बी चालवा. न्हाई तर ज्यायला नामंजूर हाय त्यायचे हात वर करून घ्या.”

माणसं एकमेकांकडे बघू लागली. बुंदीचे पुडे मांडीवर तसेच राहिले. निर्मलाबाईनं रांगांवरून नजर फिरवली. फॉर्म गेला, शेड गेलं, आणि हात एकही वर नाही. मग पुरुषांच्या रांगेतून एक हात वर आला. मुंजाजीचा होता तो. त्याच्या तोंडावर राग होता, पण हात सरळ वर होता.

“नामंजूर,” तो म्हणाला.

चंद्रभागाबाईनं हात वर केला. ग्यानबाच्या सुनेनं केला. खेमा उभाच राहिला. बघता बघता बायकांची आख्खी रांग आणि मागची गर्दी हात वर करून बसली. जेवणाची पानं मांडणारे वाढपी दारात येऊन थांबले. हनुमानरावांनी मोजल्यासारखं केलं आणि मध्येच सोडून दिलं.

राजनंदिनीचा पेन हवेत थांबला होता. समोर सर्वानुमते मंजूर असं आधीच लिहून झालं होतं. तिनं अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष चष्मा पुसत होते. मग तिनं निर्मलाबाईकडे पाहिलं.

“काय लिहू, मावशी?”

“ते मंजूर खोड,” निर्मलाबाई म्हणाली, “आन नामंजूर लिही. मोठ्या अक्षरात लिही, बाई. चांदणी देऊ नको.”