वीतभर मासा

"आली का गाडी?" ताईंनी सकाळपासून सातव्यांदा विचारलं.

"आली की सांगीन ना!" रखवालदार वैतागला. "वाट बघून डोळे दुखले माझे."

ताई मत्स्यबीज केंद्रात एकवीस वर्षं होत्या. हौदातली सोनकल्ल्याची मादी आज पिकली होती. पोटावरून ओला हात फिरवला की बोटांना अंडी चिकटत. केंद्रातली ही शेवटची. दुपारपर्यंत नर मिळाला नाही, तर अंडी वाया जाणार. नदीत या माशाचं दर्शनही आता दुर्मीळ झालेलं. सगळी भिस्त जाळं घेऊन गेलेल्या दिरावर. "मिळाला, निघालेत," असा जावेचा फोन आला, तेव्हापासून ताईंचा पाय एका जागी ठरत नव्हता. अंडी आणि नराचं वीर्य ढवळायचं कोंबडीचं पीस त्यांनी तीनदा धुऊन वाळवलं आणि कानामागे खोचलं.

टेम्पो आला. दीर लढाई जिंकल्याच्या थाटात उतरला.

"वहिनी, बघा! चांगला हातभर आहे. उगाच नाही चाळीस वर्षं जाळं टाकत!"

ताईंनी टेम्पोतल्या टाकीत हात घातला. पोटावरून फिरवला. बोटांना अंडी लागली.

"भाऊजी, ही मादी आहे."

"एवढी मोठी?"

"यांच्यात मादीच मोठी. नर वीतभरच राहतो. जाळ्यात आणखी काही होतं?"

"होती की दोन पिल्लं. सोडली." त्याने हनुवटीने भिंतीकडे दाखवलं. "तुमचाच नियम."

भिंतीवर ताईंच्याच अक्षरात पाटी होती : वीतभर मासा जाळ्यात आला, तर परत नदीत सोडा. या पाटीपायी ताई दिराशी महिनाभर अबोला धरून बसल्या होत्या, तेव्हा कुठे तो ऐकायला लागला होता.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "नुसतं 'नर आणा' म्हटलं. तुम्हाला मासा काय शिकवायचा, असं वाटलं."

दिराचं तोंड उतरलं. "परत जातो. आत्ताच."

"जाऊन यायलाच तीन तास लागतील, भाऊजी."

तो टेम्पोत बसलाही होता. ताईंनी अडवलं नाही.

अंडी पोटात राहिली तर मादी जगत नाही. त्यांनी पहिली फडक्यात धरून अलगद दाबली, मग दुसरी. दोन्ही हौदात सोडल्या. कोरड्या वाडग्यात पिवळी अंडी काठोकाठ भरली. ताईंना रडू आलं. हात ओले होते, त्यांनी डोळे खांद्याला पुसले.

दुपार उलटली. रखवालदार दारात आला. "ताई, गाडी आली तर कुठे पाठवू?"

"इथेच," ताई म्हणाल्या. कानामागचं पीस त्यांनी काढलं नव्हतं.