सरसेनापतींची करंगळी

"हा वळ कसला, आई?" बाळाची डावी मूठ उघडत सुनेने विचारलं. करंगळीच्या बुडाशी लालभडक रेघ उठली होती.

"दुपट्यात अडकली असेल," सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत म्हणाल्या.

काल टोपीची नाडी, परवा डास, आज दुपटं! सून हाडांच्या दवाखान्यात नर्स होती, सगळी हयात प्लास्टरच्या खोलीत चाललेली. आवळून बांधल्याचा वळ तिला कळणार नाही होय? तिची नजर गेली बाहेर आरामखुर्चीत बसलेल्या सासऱ्यांकडे.

सासऱ्यांनी जन्मभर पोस्टात टपालाची वर्गवारी केली. ऑफिसात त्यांना कुत्रं विचारत नव्हतं, पण घरात ते चौकातल्या पुतळ्याचे, म्हणजे साक्षात सरसेनापतींचे वंशज होते. नदीच्या लढाईत सरसेनापतींनी रात्रभर लगाम डाव्या करंगळीला गुंडाळून धरला, बोट कायमचं वाकलं, आणि तेव्हापासून घराण्यातला प्रत्येक मुलगा तसंच बोट घेऊन जन्मतो म्हणे. लगामाने वाकलेलं बोट पोराला कसं मिळेल, हे विचारायची सोय नव्हती. विचारलंच, तर शत्रूचा सेनापतीसुद्धा आजीच्या माहेरकडून मामा कसा लागतो, हे तासभर ऐकावं लागे. पुढच्या महिन्यात वंशज मंडळाची माणसं बाळाचं बोट बघायला येणार होती. आणि बाळाचं बोट होतं चांगलं सरळ.

नवऱ्याचा हात मुरगळला तेव्हा डॉक्टर एक्स-रे बघून सहज म्हणाले होते, "करंगळी लहानपणी मोडली होती का?" तेव्हापासून तिच्या डोक्यात किडा वळवळत होता. म्हातारा बाळाचा हात हातात घेऊन बसला की ती काहीतरी निमित्त काढून बाळ उचलून नेई.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली खरी, पण दुपारीच परतली. सासरे आरामखुर्चीत घोरत होते. आणि आतून बाळाचं रडणं येत होतं.

ती धावत आत गेली. मांडीवर नुकतंच न्हालेलं बाळ, हातात चिंधी आणि काडेपेटीची काडी घेऊन सासूबाई बसल्या होत्या.

"आई! तुम्ही?"

"हळू बोल. ते उठतील."

"बाबांनी करायला लावलं ना हे?"

"त्यांना काय कळतंय डोंबल! त्यांना वाटतं, रक्तातून येतं." सासूबाईंनी चिंधी मुठीत दाबली. "मला माझ्या सासूबाईंनी शिकवलं, त्यांना त्यांच्या. कोवळं हाड असतं, काडी लावून बांधलं की वळतं. नाहीच वळलं तर मग... तुझ्या नवऱ्याचं नाही वळलं."

सुनेने बाळ हिसकावून घेतलं. तिच्या अंगाचा नुसता जळफळाट होत होता. "एका पुतळ्यापायी? लाज नाही वाटत?"

"पुतळा गेला खड्ड्यात! बोट सरळ निघालं की लोक पोराकडे नाही बघत गं, आईकडे बघतात. हे पोर कुणाचं, म्हणून विचारतात. माझ्या थोरल्या जावेला विचारलं होतं. ती माहेरी गेली ती परत आलीच नाही. मी तुझ्यासाठीच करत होते, बाई."

दारात हालचाल झाली म्हणून सुनेने वर पाहिलं, तर सासरे उभे होते.

"माझंही?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी खाली मान घातली. "तुमच्या आईने."

आता म्हातारा घर डोक्यावर घेणार म्हणून सून बाळाला घट्ट धरून भिंतीला टेकली. पण ते हळूहळू येऊन जमिनीवरच बसले. बायकोच्या हातातली काडी त्यांनी काढून घेतली आणि मोडून टाकली.

"तू रोज बघतेस असलं," ते सुनेला म्हणाले. "एवढ्याशा जिवाला फार दुखतं का गं?"

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. "दुखतं, बाबा."

ते आपली वाकडी करंगळी चोळत राहिले. मग बायकोकडे न बघता म्हणाले, "आईने मला नंतर जवळ घेतलं असेल ना?"

"घेतलं असेल हो," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही सगळ्याच घेतो."