जिन्यात अडकलेलं कपाट

बायको गेल्यानंतर माझ्याविरुद्ध ज्या तक्रारी आल्या त्या तशा खऱ्याच होत्या. मी वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. लोकांच्या घरी जायचं, मशीन भिंतीपासून ओढायचं, मागचं झाकण काढायचं, बिघाड शोधायचा. यात मला अडचण नाही. पण या कामात निम्मा वेळ माणसांशी बोलावं लागतं, आणि तिथे माझं बिनसलं होतं.

शेवटची तक्रार एका सोनेरी चष्म्याच्या, हातात सोन्याची जाड बांगडी घातलेल्या बाईंची. त्यांच्या मशीनमधून पाणी जात नव्हतं. मी पंपातून एक लहान मुलाचा मोजा ओढून काढला आणि त्यांना दाखवला.

"आमच्या घरात असं होत नाही," त्या म्हणाल्या.

"मग मोजा आपला आपण चालत आला असेल."

"मला शिकवू नका. घरी जाऊन बायकोला विचारा, मशीन कसं वापरतात ते."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी मोजा त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला, पाने-पक्कड पिशवीत भरली आणि मशीन उघडं टाकून निघून आलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. साहेब माझ्याहून बरेच लहान आहेत. गेल्या वर्षी आमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये कोणीतरी मशीनमध्ये पावडर जास्त टाकली आणि सगळीकडे फेस झाला. फोनवर बोलत बोलत साहेब आत आले, घसरले आणि थेट पाण्याच्या बादलीत जाऊन बसले. पण कानाचा फोन सुटला नाही. बादलीतूनच म्हणाले, "हो सर, सगळं नियंत्रणात आहे." ते हे साहेब.

"काका, तुमचं दुःख मला समजतं," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाला कसं समजणार? एक ट्रेनिंग आहे. ते करा. नाहीतर आतल्या टेबलावर बसा, सुटे भाग लावत."

आत बसलो असतो तर वेड लागलं असतं. या घरातून त्या घरात फिरण्यात माझा दिवस तरी जात होता. म्हणून ट्रेनिंगला गेलो.

शोरूमच्या वरच्या हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडल्या होत्या. शिकवायला एक तरुण मॅडम होत्या. विषयाचं नाव न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग. मला ते मशीनच्या नव्या मॉडेलसारखं वाटलं. मॅडम म्हणाल्या, माणसाच्या डोक्यात जुने प्रोग्रॅम असतात, ते बदलता येतात.

सकाळी आरसा शिकवला. समोरचा जसा बसेल तसं बसायचं, तो ज्या वेगाने बोलेल त्या वेगाने बोलायचं, म्हणजे त्याला आपण जवळचे वाटतो. माझ्यासमोर आमचा फ्रिजवाला होता. त्याने मांडी खाजवली, मी मांडी खाजवली. तो म्हणाला, "तुला खरंच खाज आहे का?" दोघांनाही हसू आवरेना आणि मॅडमनी आम्हाला लांब बसवलं.

दुपारी बटण शिकवलं. त्या अँकर म्हणत होत्या, मला बटण म्हटलं की कळतं. डोळे मिटायचे. जिथे आपण अगदी खुशीत होतो अशी एक आठवण काढायची. तिचे रंग गडद करायचे, चित्र जवळ ओढायचं, हवा तो आवाज मोठा करायचा, नको ते आवाज बंद करायचे. ती पूर्ण चढली की अंगावर एका जागी दाबायचं. असं वीस-पंचवीस वेळा केलं की नुसतं दाबलं तरी तोच मूड येतो, आणि राग खाली बसतो.

मी डोळे मिटले आणि मला कपाट आठवलं.

आम्ही या घरात राहायला आलो तेव्हा लोखंडी कपाट घेतलं होतं. लिफ्टमध्ये मावेना म्हणून जिन्याने चढवायला घेतलं, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते अडकलं. वर ती, खाली मी, मध्ये कपाट. माझ्यामागे आमची पोरगी कपाटाचा खण पोटाशी धरून उभी. ना वर जाता येई, ना खाली येता येई. मग पलीकडे ती पायरीवर बसली आणि हसत सुटली. उचकी लागेपर्यंत हसली. मला ती दिसतच नव्हती. कपाटाच्या वरून फक्त हसणं येत होतं. मग हसणं थांबायच्या आधीच वरून तिचा हात आला, पाण्याचा पेला धरलेला. पाणी हिंदकळून माझ्या डोक्यावर सांडत होतं.

मी हसणं मोठं केलं. बाकीचं बंद केलं. आणि डावं मनगट दाबलं.

खोटं कशाला बोलू, चाललं. अगदी झकास चाललं. पुढच्याच आठवड्यात एका गृहस्थांनी दार उघडल्या उघडल्या मला फैलावर घेतलं. मी मनगट दाबलं, कपाटावरून हसणं आलं, आणि मी म्हटलं, "तुमची गैरसोय झाली, खरं आहे. आधी मशीन बघू या का?" गृहस्थ एकदम गार. मला सरबत दिलं.

आरसा मात्र जमला नाही. एका बाईंनी कमरेवर हात ठेवला, मीही ठेवला. त्या म्हणाल्या, "माझी नक्कल करताय का?" तो नाद मी सोडला.

पण बटण काही सोडलं नाही. लोक वस्सकन अंगावर आले की दाबायचं. बसच्या रांगेत कोणी घुसलं, दाब. साहेबांचा फोन आला, दाब. गंजलेला स्क्रू फिरेना, दाब. तक्रारी थांबल्या. फ्रिजवाला म्हणायचा, "तुझं मनगट झिजेल लेका."

मनगट झिजलं नाही. झिजलं दुसरंच.

एके दिवशी सकाळी मी चहा टाकला होता. सुट्टी होती. कोणी ओरडत नव्हतं, कसला राग नव्हता. मला नुसतं तिचं हसणं ऐकावंसं वाटलं. तेवढ्यासाठी मी मनगट दाबलं.

जिना आला. कपाट आलं. पण पलीकडून साहेबांच्या फोनची रिंग वाजत होती. कुठल्याशा गिऱ्हाइकाच्या ओल्या गालिच्याचा वास सुटला होता. मग वरून हात आला. हातात सोन्याची जाड बांगडी. तो चष्मेवाल्या बाईंचा हात होता, आणि त्यात पेला नव्हता, मोजा होता. ओला मोजा.

मी परत दाबलं. परत मोजा. मनगट सोडून नुसतं आठवून पाहिलं. तरी मोजा. चहा उतू गेला.

तुम्हाला हसू येईल. मला त्या दिवशी काय झालं ते मलाच माहीत. तिचे फोटो आहेत घरात, पण फोटोत ती कधी हसली नाही, कॅमेरा दिसला की ओठ मिटून घ्यायची. हसणं होतं ते एवढंच होतं, आणि ते मी गिऱ्हाइकांवर खर्च करून बसलो होतो.

मी मॅडमना शोधत शोरूमवर गेलो. त्या दुसऱ्या तुकडीचा तास संपवून पाणी पीत होत्या.

"माझी आठवण परत द्या," मी म्हटलं.

त्यांना आधी काही कळेना. मी सगळं सांगितलं, मोज्यासकट. त्या हसल्या नाहीत, एवढं मानलं पाहिजे.

"काका, मी त्या दिवशी सांगितलं होतं. गेलेल्या माणसाची आठवण घेऊ नका. साधी, हलकी काहीतरी घ्या."

"कधी सांगितलंत?"

"अगदी सुरुवातीला. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होतात."

हे ऐकून मला आणखीच चीड आली, कारण मी बघत होतो.

"बरं, आता पुसायचं कसं?"

"बटण रागाच्या वेळी दाबत राहिलं की राग आणि आठवण एकमेकांत मिसळतात. आता ते दाबणं बंद करा. तुमची इच्छा असेल तर आपण एक सराव करू. डोळे मिटा, तो मोजा लहान करा, काळा-पांढरा करा, लांब ढकला..."

"मॅडम, आता माझ्या डोक्यात आणखी काही हलवू नका," मी म्हटलं आणि निघालो. जिना उतरताना सवयीने हात मनगटावर गेला. मी तो खिशात कोंबला.

रविवारी पोरगी आली. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते. तिच्या आईचे कपाटातले कपडे तिला लावायचे होते, काही न्यायचे होते. हे महिनोन्‌महिने चाललं होतं. ती विषय काढायची, मी पुढे ढकलायचो.

"बाबा, आज कपाट उघडायचंच."

"तुला ते महत्त्वाचं वाटतंय, हे मला समजतंय," मी म्हटलं.

ती थांबली. "काय?"

"तुझ्या भावना मला समजतायत. आपण यावर दोघांना चालेल असा मार्ग काढू."

"मी काय मशीन दुरुस्त करायला बोलावलंय का तुम्हाला? आणि ते काय करताय? हात काढा."

माझा अंगठा मनगटावर होता. ट्रेनिंगचं तिला मीच कौतुकाने सांगितलं होतं.

"माझ्यावर पण दाबता?" ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "फोनवर सुद्धा दाबत होतात ना? तरीच म्हटलं, हे इतके शांत कसे. मी रडून बोलते आणि पलीकडून सर्व्हिस सेंटर उत्तर देतंय! आई गेली तेव्हापासून मला एक माणूस भांडायला नाही, बाबा. तुम्ही तरी भांडा की!"

"भांडू कसा? काय राहिलंय माझ्याकडे?" माझा आवाज एकदम चढला. किती तरी दिवसांनी चढला. "ते हसणं होतं, तेही गेलं! जिन्यातलं. कपाटाच्या पलीकडचं. आता तिथून मोजा येतो!"

मग तिलाही मोजा सांगावा लागला. ती पलंगावर बसली. 

"आई हसली होती हे लक्षात आहे तुमच्या," ती म्हणाली. "आधी काय बोलली ते?"

"काय बोलली?"

"काय बोलली? अहो, सगळी इमारत दारात येऊन ऐकत होती! मी खण घेऊन तुमच्यामागे लपले होते." तिने कमरेवर हात ठेवले, मान वाकडी केली, आणि आईचा आवाज काढला. "'मी म्हटलं होतं, आधी जिना मोजा. मोजला? नाही मोजला. मशीनच्या आत काय आहे ते बाहेरून ओळखतात, आणि जिना दिसत नाही! आता असं करा, मी वर राहते, तुम्ही खाली राहा. पोरीला मी खिडकीतून टोपली सोडून जेवायला देईन. तुमचं तुम्ही बघा.'"

"टोपली," मी म्हटलं.

"टोपली. आणि तुम्ही काय म्हणालात?"

मला आठवलं. कसं आठवलं ते सांगता येणार नाही, तोंडातून आपोआप बाहेर आलं. "म्हटलं, टोपलीत माझं पण टाक, पोरगी कुठे एवढं खाते."

"त्यावर हसली ती. उगीच नाही हसली."

मॅडमनी सांगितलं होतं, नको ते आवाज बंद करा. मी पहिलं काय बंद केलं असेल तर तिचं बोलणं. जन्मभर जे ऐकून घेतलं, तेच काढून टाकलं आणि नुसतं हसणं दिवसातून दहा वेळा वाजवत बसलो. कशावर हसली तेच राहिलं नाही तर ते टिकणार किती.

आम्ही कपाट उघडलं. दार नेहमीसारखं खालून घासलं. पोरगी म्हणाली, "उचलून ओढा." मी म्हटलं, "मला माहीत आहे." ती म्हणाली, "माहीत असतं तर इतक्या वर्षांत दुरुस्त केलं असतं." यावर आम्ही चांगले खणखणीत भांडलो. ती दोन पिशव्या भरून घेऊन गेली. तिसरी मी दिली नाही. त्यावरूनही भांडलो.

कामाला बटण लागतंच, त्याशिवाय माझं निभणार नाही. म्हणून मी मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे दुसरं केलं, साधं आणि हलकं. जागाही बदलली, उजव्या कानाची पाळी. काल एका दुकानदाराने अर्धा तास माझी खरडपट्टी काढली. मी कान चिमटीत धरला. समोर फेस, फेसात बादली, बादलीत साहेब. मी म्हटलं, "काळजी करू नका, सगळं नियंत्रणात आहे."

साहेब परवा मला म्हणाले, "काका, हल्ली माझ्याकडे बघून छान हसता. ट्रेनिंगचा उपयोग झाला."

मी म्हटलं, "फार."

मनगटाला मी हात लावत नाही. सकाळी चहा टाकला की काही न दाबता मनातल्या मनात त्या जिन्यात जाऊन उभा राहतो. मोजा अजून येतो, आणि आला की माझा संताप होतो. पण त्याच्या आधी पलीकडून ती सुरू होते. जिना मोजला का? नाही मोजला. टोपलीपर्यंत सगळं येतं, एक शब्द गळत नाही. मी खालून माझं वाक्य म्हणतो आणि थांबतो. हसणं अजून आलेलं नाही. मी कपाट धरून उभा आहे.