नुसत्या भंडाऱ्याचा खासदार

दोन हजार सात साली गोदावरीबाईंनी आंबागडच्या महादेवापुढे शब्द दिला होता: भंडाऱ्याचा खासदार आपल्या नाल्यावर पूल बांधील, तेव्हाच चहा तोंडाला लावीन. सोमवार, चतुर्थी, एकादशी त्या धरतच होत्या. त्यात ही एक भर.

पूल पाच वर्षांत झाला. पण पाटीवर कोरलेलं होतं, ‘भंडारा-गोंदियाचे खासदार’. गोदावरीबाई व्रताच्या बाबतीत भारी काटेकोर. हा जोडनावाचा कोणी दुसराच, आपला नुसत्या भंडाऱ्याचा अजून यायचा आहे, असं त्यांनी ठरवलं आणि त्याच पुलावरून रोज देवळात जात राहिल्या. चहा नाही. पाहुणे म्हणत, केवढा निग्रह बाईंचा. बाई मान खाली घालत आणि तेवढ्या वाक्यावर आठवडा काढत.

त्या सकाळी नात हर्षा परीक्षेसाठी मोठ्यानं वाचत होती. “भंडारा लोकसभा मतदारसंघ दोन हजार आठच्या पुनर्रचनेत रद्द.”

“रद्द म्हणजे?”

“राहिलाच नाही, आजी. त्याच्या जागी भंडारा-गोंदिया आला. पहिल्या निवडणुकांत तर जुन्या भंडाऱ्यातून दोन-दोन खासदार जात होते.”

“अन् मले एक भेटला नाही.”

हर्षानं पुस्तक मिटलं. “तू तीन-चारदा मत टाकून आली ना? कुठून उभा आहे, पाहिलं नाही?”

“चिन्ह पाहिलं.”

गोदावरीबाई देव्हाऱ्यापुढे जाऊन बसल्या. “देवा, मी अडाणी. तू तरी सांगायचं होतं,” त्या हळूच म्हणाल्या. मग स्वतःलाच विचारलं, तर उत्तर काही फार सात्त्विक निघालं नाही. चहापेक्षा ‘बाई चहा घेत नाहीत’ हेच जास्त गोड लागत होतं.

“हर्षा, अर्धा कप मांड. साखर सढळ हातानं.”

पहिला घोट पोटात उतरतो न उतरतो, तोच शेजारच्या मालनबाई दारात. गोदावरीबाईंनी कप झटकन पदराखाली घेतला. मालनबाई बसल्या. त्यांची नजर पदरावर गेली.

“काहून वो गोदावरी, तुह्या पदरातून वाफ निघून राहिली?”

गोदावरीबाईंनी कप बाहेर काढून समोर ठेवला.

“हर्षा, मालनले पण आण एक. लंबी गोष्ट आहे.”